खालच्या पट्टीतल्या बायका

मी बास गाते. बास म्हणजे चार थरांच्या गाण्यातला सगळ्यात खालचा थर. वरचे दोन थर बायकांचे, खालचे दोन पुरुषांचे, अशी जगभरची वाटणी आहे. मी बाई आहे. अबू धाबीत एका मालवाहतुकीच्या कंपनीत कस्टम्सचं काम बघते, अल रीम आयलंडवर राहते, नवरा आहे, एक मुलगी आहे, पन्नाशी ओलांडली आहे. फोनवर अनोळखी माणसं मला हमखास ‘सर’ म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. कामं लवकर होतात.

लहानपणी डोंबिवलीत आईने गाण्याच्या क्लासला घातलं होतं. बाईंनी पेटीवर काळी चार धरली, मी गप्प. मग त्या एकेक पट्टी उतरत पांढरी एकपर्यंत आल्या, तिथे माझा आवाज मोकळा लागला. त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि आईला म्हणाल्या, “हिची पट्टी पुरुषांची आहे हो. हिला वक्तृत्वाला घाला.” आईने वक्तृत्वाला घातलं, पण मी क्लासही सोडला नाही. मागच्या ओळीत बसून, सगळ्या मुलींच्या एक सप्तक खाली, जे शिकवतील ते गात राहिले. सरगम पक्की झाली. पुढे लग्न, मग इथली नोकरी. इथल्या मराठी मंडळात दिवाळी पहाटेचं निवेदन कायम माझ्याकडे. “तुमचा आवाज निवेदनाला इतका छान आहे!” ह्या कौतुकाचा अर्थ ‘कृपा करून गाऊ नका’ असा असतो, हे कळायला मला फार वेळ लागला नाही.

तर, लिफ्ट. आमच्या घरातला एसी आठवडाभर गळत होता. लिफ्टमध्ये मी मेंटेनन्सवाल्याला फोनवर झापत होते. “भाईसाब, इन्शाल्ला नहीं चाहिए, टाइम बोलो.” फोन ठेवून त्याच्याबद्दल जे वाटत होतं ते मराठीत बोलले. कोपऱ्यात आमच्याच मजल्यावरच्या एक बाई उभ्या होत्या, पांढरे आखूड केस, हातात भाजीची पिशवी. येता-जाता हसण्यापुरती ओळख.

“बाय,” त्या मराठीत म्हणाल्या, “तुझा आवाज किती खाली जातो?”

“सॉरी, फार मोठ्याने बोलत होते का?”

“मोठ्याने नाही गं. खाली. ह्याहून खाली जातो?”

“एसीवाला आज आला नाही तर जाईल.”

त्या हसल्या नाहीत. त्यांच्या मजल्यावर, म्हणजे आमच्याच मजल्यावर, लिफ्ट उघडली तेव्हा त्यांनी दारात पाय घालून लिफ्ट अडवली आणि मला एक सूर गुणगुणून दाखवला. “हा लाव.” मी लावला. त्यांनी खालचा दिला. तोही लावला. लिफ्ट टूंटूं करत होती. त्या म्हणाल्या, “शनिवारी दुपारी माझ्याबरोबर ये. गाडी आहे ना तुझ्याकडे?”

त्या वसईच्या ख्रिश्चन. घरची बोली वेगळी, माझ्याशी शाळेतलं मराठी बोलत. एका शाळेत संगीत शिकवत आणि चर्चचा क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, चालवत. सगळे त्यांना टीचर म्हणायचे, मीही म्हणू लागले. मी आधीच स्पष्ट विचारलं, “टीचर, मी हिंदू आहे, चालेल का?”

“आवाजाला बाप्तिस्मा लागत नाही,” त्या म्हणाल्या. “पार्किंग मात्र लवकर गेलं तर मिळतं.”

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “तुला पुरुषांत उभी करणार? बरं आहे, पुरुषांना जरा वळण लागेल.” मुलगी हेडफोन बाजूला करून म्हणाली, “आई, दॅट्स ॲक्चुअली कूल. जस्ट डोन्ट प्रॅक्टिस व्हेन माय फ्रेंड्स आर हिअर.” माझ्या धर्मांतराची कुजबुज मंडळात दोन सणांपुरती चालली. मग दुसऱ्या कोणाचा घटस्फोट झाला आणि ती थांबली.

टीचरना बास हवे होते ते अडचण होती म्हणून. क्वायरमधले तीन बास एका वर्षात गेले. एकाची रियाधला बदली झाली, एकाला कॅनडाचं पीआर मिळालं, तिसऱ्याची नोकरी गेली. इथे माणसं अशीच जातात, त्याबद्दल कोणी रडत नाही, फक्त व्हॉट्सॲप ग्रुप सोडल्याची ओळ दिसते. टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा थर, दोन बायका आधीपासूनच गात होत्या आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. प्रश्न खालचा होता. आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत टीचरना एक मोठं स्तोत्र बसवायचं होतं, लॅटिन, चारही आवाजांचं.

हे स्तोत्र लिहिलं होतं ‘फादर’नी. गाडीत टीचर सतत फादरबद्दल बोलायच्या. “फादर कधी बासला फुकट उभं करत नाहीत.” “फादरना मुलींची घाई आवडायची नाही.” दोन-तीन शनिवार मला वाटत होतं की हे फादर आमच्याच चर्चमधले, आणि एवढे हुशार आहेत तर तालमीला का येत नाहीत. शेवटी विचारलं. टीचर म्हणाल्या, “कसे येतील? मरून अडीचशे वर्षं होऊन गेली की.”

मग त्यांनी नीट सांगितलं. पाण्यात वसलेलं इटलीतलं एक शहर. तिथे टाकून दिलेल्या मुलींसाठी एक आश्रम. हा पाद्री तिथे संगीत शिकवायचा, आणि त्याच मुलींसाठी देवाची गाणी लिहायचा, कोणाचा आवाज कुठे खुलतो ते बघून. मुली चर्चच्या वरच्या सज्जात लोखंडी जाळीमागे उभ्या राहून गायच्या. खाली लांबून लांबून लोक यायचे, गाणं ऐकायचे आणि जाळीमागच्या त्या दिसतात तरी कशा, याच्या चर्चा करत घरी जायचे. आश्रमाची कमिटी दर वर्षी मतदान करायची, ह्या मास्तराला पुढे ठेवायचं की नाही. कधी मतं कमी पडली की काढायचे, मग गाणी कोण लिहिणार म्हणून परत बोलवायचे.

“म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर होता,” मी म्हटलं.

“कॉन्ट्रॅक्टवर. माझ्यासारखाच. त्याला निदान मतदान होतं. मला नुसता ईमेल आला.”

तेव्हा मला कळलं की शाळेने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वयामुळे पुढे वाढवलं नव्हतं. जूनअखेर व्हिसा संपणार, त्या वसईला परत जाणार. हे स्तोत्र इथलं त्यांचं शेवटचं काम होतं. ते त्यांना पूर्ण हवं होतं, एकही थर न गाळता. एवढंच त्यांनी सांगितलं आणि काच खाली करून पार्किंगची जागा शोधू लागल्या.

खालच्या थरात आम्ही तिघी जमलो. मी, एक मल्याळी नर्स आणि एक फिलिपिनो अकाउंटंट, जी अख्ख्या तालमीत चार शब्द बोलायची पण खर्जात दगडासारखी पक्की होती. अगदी तळाचे सूर आम्हांला लागत नव्हते. टीचर म्हणाल्या, “तिथे उडी मारून वरच्या सप्तकात जा. खाली कीबोर्डवर चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन, वाजतो आहे, तो धरून ठेवेल. त्या मुलीही बहुधा हेच करायच्या.”

मी घरी जोरात सराव सुरू केला. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, मला वाचता येत नव्हती, टीचरनी बासची ओळ वाजवून रेकॉर्ड करून दिली होती. मी काय केलं? जे कुठलाही मराठी माणूस करेल ते. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं, स्तोत्र ज्या सुरावर सुरू होतं तो सा धरला आणि तानपुऱ्यासमोर मांडी घालून महिनाभर ती ओळ घोटली. घोटता घोटता रेकॉर्डिंग ऐकायचं बंद केलं, कारण मधल्या भागात ते मला तानपुऱ्याशी जरा विसंगत वाटायचं. मला वाटलं कीबोर्ड बेसूर आहे.

चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षांसमोर पहिली सबंध तालीम झाली. अध्यक्ष मंगळुरूचे, तेलकंपनीत इंजिनिअर, सज्जन, इस्त्रीचा शर्ट. पहिलं पान उत्तम गेलं. मधला भाग आला. ह्या संगीतात मधल्या भागात गाणं आपला मुक्काम हलवतं, षड्ज सोडून पंचमावर जाऊन तिथेच घर करतं. त्या भागाच्या शेवटी सगळ्यांनी नव्या घरात येऊन थांबायचं. सगळ्यात वरच्या थरातल्या सोप्रानो थांबल्या, त्यांच्याखालच्या आल्टो थांबल्या, टेनर थांबल्या, आणि मी महिनाभराच्या सवयीने, पूर्ण आत्मविश्वासाने, पोट भरून श्वास घेऊन, जुन्या सा वर येऊन बसले. उरलेल्या दोघी मला धरून गायच्या, कारण माझा आवाज मोठा. त्याही माझ्यामागून येऊन बसल्या. तळच सरकला. वरच्या बायका अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे, आणि सगळं कोसळलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “टीचर, मैंने पहले ही बोला था. लेडीज़ से बास नहीं होगा.”

“बास से नहीं, मुझसे गड़बड़ हुआ है,” मी म्हटलं.

“वही तो, मॅडम.”

परतीच्या गाडीत टीचर मांडीवर बोटांनी बासची ओळ वाजवत होत्या. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, “तू घरी काय लावून गातेस?” मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. “तानपुरा! अगं, तानपुरा जागचा हलत नाही. फादर हलतात.”

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी कागद घेऊन बसले. त्या वाजवत गेल्या, मी बासची सगळी ओळ देवनागरीत सरगममध्ये उतरवली. जिथे घर बदलतं तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि लिहिलं, ‘इथून प हाच सा’. पुढे परत येतं तिथे दुसरी रेघ. टीचरना आधी ते आवडलं नाही. “क्वायरमध्ये सरगम? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “टीचर, मला कोसळायचं नाहीये. लोकांना म्हणू द्या.” नर्सला मी तेच रोमन लिपीत लिहून दिलं. ती लहानपणी कर्नाटक संगीत शिकली होती, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, “ये तो आसान है. पहले क्यों नहीं दिया?” अकाउंटंटला गरजच नव्हती. ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती आणि केवळ माझ्या आवाजाखाली दबून चुकली होती, हे तिने मला फार शांतपणे सांगितलं.

दुसऱ्या तालमीला अध्यक्ष पुन्हा आले. ह्या वेळी कोसळलं नाही. मधल्या भागाच्या शेवटी आम्ही तिघी नव्या घरात उतरलो, आणि वरच्या सगळ्या बायका आमच्यावर पाय रोवून उभ्या राहिल्या. आपण खाली आहोत आणि वरचं सगळं आपल्यावर उभं आहे, ही भावना मला आयुष्यात पहिल्यांदा गाण्यात मिळाली. ऑफिसात रोज मिळते, तिथे तिचं कौतुक नाही.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मग टीचरना बाजूला घेतलं, पण इतकं बाजूला नाही की मला ऐकू येऊ नये.

“आवाज तो बढ़िया है, टीचर. प्रॉब्लेम लुक का है. बिशप साहब के ऑफिस से लोग आएँगे, वीडियो बनेगा. नीचे से मर्द का आवाज और सामने सिर्फ लेडीज़, अजीब लगेगा. मैं चार जेंट्स देता हूँ. ब्लॅक सूट में आगे खड़े रहेंगे, सिर्फ मुँह हिलाएँगे. आपकी तीन लेडीज़ पीछे. आवाज उन्हीं का.”

सुटाचं भाडंही त्यांनी काढून ठेवलं होतं, माणशी दोनशे दिरहम. मी मनात गुणाकार केला, चौघांचे मिळून आपले अठरा हजारांच्या वर. आम्हां तिघींना दिसू न देण्याचा एवढा खर्च येत होता.

आणि टीचर हो म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मी चावी फिरवली नाही. एसीशिवाय त्या उन्हात गाडीत बसणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. टीचर म्हणाल्या, “गाडी चालू कर.”

“तुम्ही हो कशा म्हणालात?”

“मग काय म्हणू? नाही म्हटलं तर स्तोत्र काढून टाकतील. त्या मुलीही जाळीमागेच गायच्या ना? दिसत नव्हत्या म्हणून गाणं खोटं झालं का?”

“त्यांना दुसरी जागा नव्हती, टीचर. टाकून दिलेल्या पोरी होत्या. मला कोणी टाकून दिलेलं नाही. माझ्याकडे एमिरेट्स आयडी आहे, नोकरी आहे, गाडी आहे. मी जाळीमागे का उभी राहू? आणि जाळीमागे त्यांच्या जागी दुसरं कोणी तोंड हलवत नव्हतं.”

“तुझं काय जातंय?” आता त्यांचा आवाज चढला. “तू पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी शोधशील. योगा करशील. माझं हे शेवटचं आहे, बाय. मी परत गेले की वसईत घरात बसून सुनेच्या टीव्हीचा आवाज ऐकणार आहे. मला हे एकदा पूर्ण ऐकायचंय. कोण दिसतं आणि कोण नाही, मला पर्वा नाही.”

“मला आहे.”

“मग येऊ नकोस.”

मी गाडी चालू केली. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण माझंही नव्हतं, आणि माझ्या गळ्यावर मतदान करायचा अधिकार मी कोणाला दिला नव्हता.

मी नर्सला फोन केला. तिला मनवायला मी दोन-चार मुद्दे तयार ठेवले होते, त्यांची गरज पडली नाही. ती म्हणाली, “चेची, ये तो मेरा रोज़ का है. वॉर्ड में पूरा काम हम करते हैं, साइन डॉक्टर करता है. चर्च में भी वही? नहीं. खलास.” चेची म्हणजे ताई. अकाउंटंटने मेसेजवर एवढंच लिहिलं, ‘ओके, नो साउंड.’ काय करायचं ते मला तिच्याकडूनच सुचलं.

पुढच्या शनिवारी मी तालमीला गेले. टीचरना नेहमीप्रमाणे दारातून हाक मारली, त्या नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन आल्या. रस्त्यात मी सांगितलं, “आज येते आहे ती तुमच्यासाठी. पण ती माणसं पुढे असतील तर मी गाणार नाही. तुम्हांला आधी सांगून ठेवते.” त्या म्हणाल्या, “बघू.” त्यांना वाटलं असावं, सूर सुरू झाले की हिला राहवणार नाही.

चार पुरुष आले होते. सूट अजून भाड्याने आणायचे होते, आज ऑफिसच्या कपड्यांत. एक बँकेतला, एक बांधकाम कंपनीतला, उरलेले दोघे सख्खे भाऊ. सगळे अवघडलेले. बँकेतल्याने मला विचारलं, “ताई, तोंड किती उघडायचं?” तो पुण्याचा निघाला. मी म्हटलं, “तुम्ही खरंच गाल तर मी तुम्हांला शिकवते, आत्ता.” तो कानकोंडा होऊन म्हणाला, “नाही हो, मला आरतीसुद्धा धड येत नाही. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून आलो.” वाईट माणूस नव्हता. त्यांना पुढच्या ओळीत उभं केलं, आम्हांला त्यांच्या पाठीमागे. मला त्यांचे खांदे दिसत होते, टीचर दिसत नव्हत्या.

स्तोत्राच्या तिसऱ्या भागाची सुरुवात बास एकटे करतात. आधी शांतता, मग तळातून एकच ओळ वर येते, मग तिच्यावर बाकीचे थर चढत जातात. टीचरनी हात वर केला आणि बासकडे वळून खाली आणला. नीट बघा, त्या कोणाकडे वळल्या. गाणं चालवणाऱ्याला जो श्वास घेणार आहे त्याच्याकडे बघावं लागतं, त्याच्या श्वासाबरोबर हात खाली येतो. टीचर त्या चौघांकडे वळल्या, कारण तिथे तेच उभे होते. चौघांनी तोंडं उघडली.

आवाज आला नाही.

मला ती ओळ तोंडपाठ होती. झोपेतून उठवून विचारली असती तरी गायले असते. मी ओठ मिटून उभी राहिले. डावीकडे नर्स, उजवीकडे अकाउंटंट, तिघींनी ओठ मिटले होते. हॉलमध्ये एसीची घरघर आणि पुढे चार उघडी तोंडं. त्यातल्या एका भावाला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात लपवलं.

“क्या हुआ?” अध्यक्ष खुर्चीतून उठले.

टीचरनी हात खाली केला नव्हता. त्या चौघांच्या खांद्यांमधून मागे बघायचा प्रयत्न करत होत्या. शेवटी त्यांनी मान वाकडी केली आणि त्यांची नि माझी नजर भेटली. रागाने बघतील असं वाटलं होतं. त्या हिशेब करत असल्यासारख्या बघत होत्या.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या. हात वर. ह्या वेळी त्यांनी फटीतून माझ्याकडे बघून हात करायचा प्रयत्न केला, पण बांधकामवाला उंच होता, त्याचं डोकं मध्ये आलं. हात अर्ध्यातच थांबला.

“नाही,” टीचर म्हणाल्या, मराठीतच, कोणाला कळो न कळो. “मला हात करता येत नाहीये. मी कोणाकडे बघून हात करू?” मग अध्यक्षांकडे वळून हिंदीत, “सर, ये नहीं होगा. जो गाएगा वो मेरे सामने खड़ा रहेगा. ऐसे मैं नहीं चला सकती.”

“टीचर, जस्ट वन डे की बात है.”

“एक दिन भी नहीं. आणि दुसरं सांगते,” त्या परत मराठीत घसरल्या आणि मग सावरल्या, “उन लड़कियों के सरनेम नहीं थे, सर. सरनेम के बदले उनका काम लिखते थे. ये वायलिनवाली, ये बासवाली. कागद पर लिखा है, बासवाली. फादर के पास बासवाली थी. मेरे पास तीन हैं.”

“फिर मेन चर्च नहीं मिलेगा,” अध्यक्ष म्हणाले. रागाने नव्हे, दमून. “मैं कमिटी को क्या बोलूँगा?”

“मत दीजिए. छोटा हॉल दीजिए.”

“वहाँ ऑर्गन नहीं है. ए.सी. आवाज करता है.”

“ए.सी. बंद करेंगे.”

“इस गर्मी में?”

“हाँ.”

अध्यक्ष म्हणाले, “इन्शाल्ला, देखते हैं.” इथे ह्याचा अर्थ सहसा नाही असा असतो. टीचर त्यांच्यासमोरून हलल्या नाहीत, ते हो म्हणेपर्यंत. चौघे पुरुष एव्हाना खुर्च्यांवर जाऊन बसले होते आणि फार बरं वाटल्यासारखे दिसत होते. टीचरनी आम्हां तिघींना बोटाने खूण केली. आम्ही पुढे आलो. त्यांनी हात वर केला, माझ्याकडे बघितलं, मी श्वास घेतला.

छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्याही पुरल्या नाहीत, कारण बासवाल्या बायकांची गोष्ट सगळ्या कंपाउंडमध्ये पसरली होती आणि निम्मे लोक आम्ही पडतो का ते बघायला आले होते. एसी खरोखर बंद केला. दुसऱ्या पानापर्यंत घाम मानेवरून ब्लाउजमध्ये उतरत होता. माझा नवरा पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसला होता. बिशपच्या ऑफिसातून कोणी आलं नाही. मधल्या भागाच्या शेवटी आम्ही जिथे उतरायचं तिथे उतरलो. तिसऱ्या भागाला टीचरनी आमच्याकडे बघून हात खाली केला आणि आम्ही तिघींनी ती ओळ तळातून वर काढली, सगळ्यांसमोर, उघड्या तोंडाने. कोणी हसलं नाही. हसले असते तरी आम्ही थांबणार नव्हतो, आम्ही तसं आधीच ठरवलं होतं.

नंतर पाणी पिताना एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे आले. “व्हेरी नाइस. वो नीचे का मेल वॉइस रेकॉर्डिंग था क्या?”

“नहीं. हमारा था.”

“नहीं नहीं, मैं वो जेंट्स का आवाज पूछ रहा हूँ.”

“वही. हमारा.”

त्यांना पटलं नाही. मी पटवत बसले नाही, नर्सला ड्यूटीवर सोडायचं होतं.

गाडीत टीचर मागच्या सीटवर बसल्या होत्या. मी आरशात बघितलं तर त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या, पहिल्यापासून सगळं परत म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तिसऱ्या भागात तू घाई केलीस.”

“केली.”

“फादरना आवडलं नसतं.” मग, “पण पूर्ण झालं.”

त्या दिवशी गाडीत मी जे बोलले त्याबद्दल मी माफी मागितली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही. जून संपताना मी त्यांना विमानतळावर सोडलं. बॅगा जड होत्या, बहुतेक वह्या आणि स्वरलिपीचे गठ्ठे. आता त्या वसईत आहेत, सूनबाईंचा टीव्ही बंद करायला लावून शेजारच्या बायकांना शिकवतात, असं फोनवर ऐकलं. त्यातल्या दोघींची पट्टी चांगली खाली आहे म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज खूश होता.

इथे कमिटीने क्वायरसाठी नवा माणूस आणला. तरुण, पदवीवाला, चांगला शिकवतो. चार नवे पुरुषही मिळवले आहेत, त्यातले दोघे खरंच गाणारे. पहिल्या शनिवारी त्याने सगळ्यांना कागद वाटले. माझ्या हातात आल्टोचा कागद ठेवला आणि हसून म्हणाला, “मॅडम, अब जेंट्स आ गए हैं, अब आप आराम से अपनी जगह पर आ जाइए.”

मी त्याला तो कागद परत दिला आणि म्हटलं, “ये मेरी जगह नहीं है. बास का दीजिए.” तो काहीतरी बोलायला गेला. तोवर नर्सने तिचाही आल्टोचा कागद माझ्या कागदावर ठेवला होता आणि त्यावर अकाउंटंटने तिचा. आम्ही तिघी चालत जाऊन त्या चार पुरुषांच्या शेजारी उभ्या राहिलो. त्यांनी सरकून जागा केली.

त्याने बासचे कागद दिले. मी सरगम लिहायला पेन्सिल काढली.